मळणीच्या हंगामात ॲलर्जीची गोळी: झोप न आणणारी कोणती, ती कशी घ्यावी आणि ती काय करू शकत नाही

केज तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "डॉक्टर, माझा ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र भाड्यानं चालतं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनच्या राशी सुरू होतात, मग तूर, हरभरा, ज्वारी. यंत्राजवळ उभं राहिलं की पंधरा-वीस शिंका लागोपाठ, नाकातून पाणी, डोळे लाल. मेडिकलमधून बारीक पिवळी गोळी घ्यायचो. मागच्या हंगामात ती घेतली होती अन् काड लावताना शर्टाची बाही ओढली गेली. थोडक्यात वाचलो. आता मेडिकलवाल्यानं 'झोप न येणारी' म्हणून दुसरी दिली. ती हंगामभर रोज घेतली तर चालेल का? सवय लागेल का? आईच्या अंगावर पित्त उठतं. तिला साखर आहे, बीपी आहे. ती पण माझ्यातलीच गोळी खाते. तिला चालते का?"

आधी थेट उत्तर देतो. हंगामभर रोज घेतली तर चालेल. दारू-तंबाखूसारखी सवय तिची लागत नाही. पण 'झोप न येणारी' या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळी औषधं विकली जातात आणि ती सारखी नाहीत. तुमच्यासारखं यंत्रावरचं काम असलेल्या माणसाला गोळ्यांपैकी मी पहिल्यांदा फेक्सोफेनाडिन देतो. सेट्रिझिन द्यायचं झालं तर आधी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघायला सांगतो. आणि आईने तुमच्या पाकिटातली गोळी घेणं आजपासून थांबवा. तिचा विचार वेगळा करावा लागेल, तो शेवटी करू.

ती बारीक पिवळी गोळी बहुधा क्लोरफेनिरामाइनची असणार. डॉक्टर आणि मेडिकलवाले तिला सीपीएम म्हणतात. धूळ किंवा परागकण नाकात गेले की तिथल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्यानेच शिंका येतात, खाज सुटते, पाणी गळतं. ही गोळी त्या हिस्टामिनला अडवते, म्हणून आराम पडतो. अडचण अशी की हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं आणि सावध ठेवण्याचं काम करतं. सीपीएम, ॲव्हिल, फेनरगन ही जुनी औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथलं हिस्टामिनही अडवतात. शिवाय सीपीएम शरीरात रेंगाळतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 20 तासांच्या आसपास लागतात. म्हणजे रात्री घेतलेली गोळी सकाळी यंत्र सुरू करतानाही अंगात असतेच.

पेशंट मला नेहमी सांगतात, "डॉक्टर, मला काही झोप येत नाही त्या गोळीनं, सवय झाली." सगळ्यात जास्त भीती मला या वाक्याची वाटते. अमेरिकेत 2000 साली एक अभ्यास झाला. गाडी चालवण्याच्या नकली यंत्रावर बसवून त्याच लोकांना वेगवेगळ्या वेळी दारू, जुन्या पिढीतलं डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन आणि औषध नसलेली गोळी दिली. सगळ्यात वाईट गाडी चालवली गेली ती जुन्या गोळीवर, दारूपेक्षाही वाईट. फेक्सोफेनाडिनवर मात्र गाडी नीट चालली. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. माणसाला किती झोप आल्यासारखी वाटते, यावरून तो किती चुकेल याचा अंदाज बांधता येत नव्हता. डोळे उघडे असतात, गप्पा चालू असतात, पण हात मागे घ्यायला लागणारा तो अर्धा क्षण वाढलेला असतो. तुमची बाही ओढली गेली तेव्हा तुम्ही पेंगत नसालही. मळणीयंत्राला तो अर्धा क्षण पुरतो.

माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकाला अंगभर गांधी उठल्या म्हणून मी ॲव्हिलचं इंजेक्शन दिलं. खाज थांबली, ते खूश झाले आणि मोटारसायकलवर गावाकडे निघाले. वाटेतल्या पुलावरून खाली गेले. मांडीचं हाड मोडलं. "गाडी चालवू नका, कुणाला तरी बोलावून घ्या," एवढंच मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात हे इंजेक्शन दिलं की सोबतचा माणूस आल्याशिवाय पेशंटला जाऊ देत नाही.

आता नव्या गोळ्यांकडे येऊ. सेट्रिझिन सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. मोठ्यांना दिवसातून एकदा 10 मिलिग्रॅम. तिला 'झोप न येणारी' म्हणणं मला पटत नाही, 'कमी झोप आणणारी' म्हणावं. तिच्या चाचण्यांत 100 पैकी साधारण 14 जणांना गुंगी आली आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत साधारण 6 जणांना. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण तुम्ही त्या उरलेल्यांत आहात की नाही हे घेतल्याशिवाय कळत नाही. लिव्होसेट्रिझिन 5 मिलिग्रॅम हा सेट्रिझिनचाच काम करणारा अर्धा भाग. तो अजिबात झोप आणत नाही असं सांगून विकला जातो, पण गुंगीच्या बाबतीत दोघांत फार अंतर नाही. ज्यांचं काम बसून आहे, ज्यांना रात्रीच जास्त त्रास होतो, त्यांना या दोन्ही गोळ्या झोपताना उत्तम लागू पडतात.

लोराटाडिन 10 मिलिग्रॅम नेमून दिलेल्या मात्रेत सहसा झोप आणत नाही. मात्रा वाढवली तर आणू शकते. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळपास जातच नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला एक पंप तिला परत बाहेर ढकलतो. नाकाच्या ॲलर्जीला मोठ्यांना 120 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, अंगावरच्या पित्ताला 180. अमेरिकेच्या विमान खात्याचे नियम बघितले की हा फरक लगेच ध्यानात येतो. तिथे वैमानिकाला फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन घेऊन विमान चालवता येतं, सेट्रिझिन घेऊन नाही. यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला मी तोच नियम लावतो. बिलास्टिन 20 मिलिग्रॅम हेही चांगलं औषध आहे, पण ते उपाशीपोटीच घ्यावं लागतं. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. पहाटे भाकरी खाऊन शेत गाठणाऱ्यांना हे वेळापत्रक जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

फेक्सोफेनाडिनची गंमत म्हणजे ती कशाबरोबर घेता याला फार महत्त्व आहे. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर घेतली तर आतड्यातून ती रक्तात कमी जाते आणि गोळी 'लागू पडली नाही' असं वाटतं. आपल्या जालना-पैठणच्या पट्ट्यात मोसंबीचा रस सर्रास प्यायला जातो. त्याबाबतही मी तीच काळजी घ्यायला सांगतो. गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्या. ॲसिडिटीसाठी गुलाबी-पांढरं जेल किंवा चघळायची गोळी घेत असाल तर त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमनेही हिचा परिणाम घटतो. दोन्हींत 2 तासांचं अंतर ठेवा.

आणि वेळ. शिंकांनी बेजार झाल्यावर गोळी घेतली तर ती सुटलेलं हिस्टामिन परत आणू शकत नाही. हिस्टामिन जिथे जाऊन बसतं ती जागा आधीच अडवून ठेवणं, एवढंच गोळीचं काम. म्हणून यंत्राजवळ जायच्या किमान एक-दोन तास आधी घ्या, आणि रास सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज ठरलेल्या वेळी. एका गोळीने भागलं नाही म्हणून दुपारी दुसरी घेऊ नका. संध्याकाळी दारू घेणार असाल तर गोळी नवी असो वा जुनी, दोन्ही एकत्र नकोत.

नवीन म्हणजे निर्धोक, असं मात्र समजू नका. झोप न आणणाऱ्या गोळ्यांत सुरुवातीला गाजलेली टर्फेनाडिन लाखो लोकांनी घेतली. पुढे कळलं की एरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक किंवा केटोकोनाझोल हे बुरशीचं औषध बरोबर घेतलं तर ती शरीरात साचते आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडतात. 1997-98 च्या सुमारास ती अमेरिकेतून मागे घेतली गेली. फेक्सोफेनाडिन म्हणजे तीच टर्फेनाडिन शरीरात गेल्यावर तयार होणारा सुरक्षित पदार्थ. ती हृदयाला तसा धोका करत नाही. पण इबास्टिन, रुपाटाडिन या ॲलर्जीच्याच दुसऱ्या गोळ्यांबरोबर गजकर्णाच्या किंवा बुरशीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

मेडिकलच्या काउंटरवर होणारी खरी गफलत वेगळीच आहे. तुम्ही 'सर्दीची गोळी' मागता आणि हातात पडते ती तीन-चार औषधं एकत्र केलेली. त्यात पॅरासिटामॉल, सीपीएम, फिनाइलएफ्रिन, कधी कॅफिनही असतं. म्हणजे ज्या सीपीएमपासून पळालात तेच परत पोटात. खोकल्याच्या बऱ्याच औषधांतही ते असतं. फिनाइलएफ्रिन हे नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं, पण पोटातून घेतल्यावर त्याचा उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं. त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या औषध महानियंत्रकांनी सीपीएम आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण 4 वर्षांखालच्या लेकरांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला लावलं. तुमच्या घरात लहान लेकरू असेल तर हे विसरू नका. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, त्याकडे बघू नका. त्याच्या खाली किंवा मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते मेडिकलवाल्याला मोठ्याने वाचायला सांगा. एकच घटक हवा. "यात अजून काय आहे?" एवढा प्रश्न विचारायचा. चांगला फार्मासिस्ट त्याचा राग मानत नाही.

आपल्याकडे लिव्होसेट्रिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट जोडलेली गोळी खूप खपते. नुसत्या शिंकांसाठी तिची गरज बहुधा नसते. मॉन्टेलुकास्टने काहींना भीतीदायक स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन खचतं, क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. 2020 मध्ये अमेरिकेत त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला गेला. दम्याच्या पेशंटला डॉक्टर विचार करून ती देतात, ते ठीक. पण ती मागून घ्यायची गोळी नव्हे.

नाक चोंदण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण रात्री चोंदत असणार. शिंका, खाज, पाणी यांवर गोळी चांगली चालते, चोंदलेल्या नाकावर फारशी नाही. त्यासाठी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे हेच मुख्य औषध. फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांपैकी एखादा. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून लोक दचकतात. पण यात औषध नाकापुरतंच राहतं, रक्तात फार थोडं जातं. हंगामभर त्रास होणाऱ्याला मी गोळीआधी स्प्रेच देतो. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. जोराने ओढू नका, घशात जातं. पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे पोळ्यानंतर सुरू केला तर राशीच्या वेळेला नाक तयार असेल. मेडिकलमध्ये लगेच नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मिळतात, ते मात्र 5 ते 7 दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. पुढे तेच थेंब नाक चोंदवतात. तुम्ही सवयीबद्दल विचारलंत, तर सवय या थेंबांची लागते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. "एक सुई घ्या, सहा महिने सर्दी नाही," असं सांगून आठवड्यांवर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन कमरेत देणारे आपल्याकडे अजून आहेत. आराम पडतो, जादूसारखा पडतो. पण साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, टीबी दबलेला असेल तर डोकं वर काढतो. घेऊ नका.

रोज घेण्याबद्दल अजून थोडं. हंगाम तीन-चार महिन्यांचा असला तरी चालतं. मध्ये पंधरा दिवस पाऊस होऊन यंत्र उभं राहिलं तर गोळी बंद ठेवून बघा. अनेक महिने रोज सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन घेऊन एकदम थांबवलं तर काहींना काही दिवसांत सगळ्या अंगाला भयंकर खाज सुटते. हे फार क्वचित होतं, पण 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल सावध केलं आहे. ही परत आलेली ॲलर्जी नव्हे, औषध तोडल्याची खाज आहे. तसं झालं तर गोळी परत सुरू करून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची.

गोळीने धूळ कमी होत नाही. यंत्र असं लावा की वारा तुमच्या पाठीकडून यंत्राकडे वाहील आणि गुळीचा, म्हणजे भुशाचा, फवारा पलीकडे पडेल. उपरणं तोंडाला बांधल्याने जाडी धूळ अडते, बारीक नाही. नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरा. तो गरम होतो, हे मला माहीत आहे. किमान काड लावताना तरी. पण मास्कचा बंद असो की उपरण्याचं टोक, यंत्राजवळ काहीही लोंबतं ठेवू नका. घरी आलात की आधी आंघोळ, कपडे बाहेर. एक ग्लास उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून नाक धुतलं तर गोळीची गरजच निम्म्यावर आलेले पेशंट मी पाहिले आहेत. पाणी उकळलेलंच हवं. बोअरचं थेट नाकात नको.

बांधावर गाजर गवत असेल तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालून उपटा. त्याच्या परागकणांनी नाक वाहतं, त्यावर ही गोळी चालते. पण त्याच्या पानांचा स्पर्श होऊन मान, कोपर, पापण्यांवर जी जाड, काळपट, लस गळणारी चामडी होते, ती वेगळ्या जातीची ॲलर्जी आहे. तिच्यात हिस्टामिनचा वाटा नसतो. तिथे या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊन उपयोग नाही, मलम लागतं आणि गवतापासून दूर राहावं लागतं.

छातीत घरघर होत असेल, पहाटे खोकल्याने जाग येत असेल, चालताना धाप लागत असेल, तर तो दमा असू शकतो. ही गोळी दम्याचं औषध नव्हे, तोंडाने ओढायचा औषधाचा पंप लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन छाती तपासून घ्या. तिथे ॲलर्जीची त्वचा-चाचणी करायची ठरली तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे साधारण आठवडाभर आधी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर चाचणी खोटी येते. आणि मधमाश्या चावून किंवा एखाद्या औषधाने अंगभर गांधी उठून सोबत श्वास अडकला, घसा आवळला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. तिथे मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या. 108 ला फोन करा.

आता आईबद्दल. अंगावर उठणाऱ्या गांधींना आपण 'पित्त' म्हणतो आणि त्या नावामुळे बाया ॲसिडिटीची गोळी खातात, डाळ-वांगं सोडतात. त्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. आमसुलाचं पाणी लावल्याने गार वाटतं, ते खुशाल लावू द्या. सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ उठत असेल तर उठेल तेव्हा एक गोळी, अशी पद्धत उपयोगी नाही. रोज घ्यावी लागते, आणि कमी पडली तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. ते घरी स्वतःहून करायचं नाही.

तिला दहा-पंधरा वर्षांची साखर असेल तर मूत्रपिंडाचं काय चाललंय हे आधी कळलं पाहिजे. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्या साचतात आणि म्हातारं माणूस दिवसभर गुंगीत राहतं, पडतं. अशांना मात्रा निम्मी करावी लागते, मूत्रपिंड अगदीच निकामी असेल तर लिव्होसेट्रिझिन चालतच नाही. फेक्सोफेनाडिनही जपूनच. मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते. पिवळी गोळी तर तिला अजिबात नको. या वयात त्या गोळीने लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब चढतो, माणूस बरळतं. प्रोस्टेट वाढलेले आजोबा दोन दिवस सर्दीची गोळी खाऊन फुगलेल्या मूत्राशयाने दवाखान्यात येतात आणि नळी टाकावी लागते, हे दर हिवाळ्यात बघतो.

तिच्या बीपीच्या गोळीचं नावही मला हवं आहे. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींचे ओठ, जीभ, पापण्या सुजतात, खाज नसताना. ती सूज ॲलर्जीच्या गोळीने उतरत नाही, आणि जीभ सुजली तर जीव धोक्यात येतो. तसं कधी झालं असेल तर वाट न बघता दवाखान्यात न्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असेल तर त्यानेही पित्त भडकतं. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. येत्या आठवड्यात, राशी सुरू व्हायच्या आत, तिला उपाशीपोटी घेऊन या. ती खाते त्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला, शेजारणीने दिलेल्या आणि डोळ्यात घालायच्या थेंबांसह.